बॅटरीचे सत्य कोणाच्या मालकीचे?

जुनी मोटार विकत घेण्याची एक रीत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत नकळत घडवली आहे. गाडी पाहावयास जाताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावयाचा. तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवून पाहतो, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग न्याहाळतो, गाडी चढावर घालून क्लच अजमावतो आणि विकणाऱ्याच्या देखत चकार शब्द न काढता परतीच्या वाटेवर आपला निर्णय सांगतो. या रीतीत शास्त्र किती आणि सवयीचे शहाणपण किती, हा प्रश्न वेगळा. तिच्यामुळे व्यवहारात एक समतोल राहत असे, एवढे मात्र खरे. विकणाऱ्याला गाडीविषयी जे ठाऊक असे त्यातील बरेचसे घेणाऱ्यालाही आपल्या माणसाकरवी कळू शकत होते.

विजेवर चालणाऱ्या मोटारीने हा समतोल मोडला आहे. तिला आवाज नाही, धूर नाही, ऑइलची कांडी नाही. किमतीचा सर्वांत मोठा वाटा ज्या एका वस्तूचा, ती बॅटरी गाडीच्या तळाशी बंद पेटीत असते. गाडी बाहेरून चकचकीत असेल, चाचणीच्या फेरीत बाणासारखी सुटेल, आणि तरीही तिच्या बॅटरीची एक-चतुर्थांश क्षमता केव्हाच संपलेली असेल. मेकॅनिकचे कान आणि डोळे येथे निरुपयोगी ठरतात. सत्य असते ते बॅटरीवर देखरेख करणाऱ्या संगणकात, आणि त्या संगणकाची भाषा प्रामुख्याने गाडी बनवणाऱ्या कंपनीलाच अवगत असते.

हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. २०२० पासून भारतात विद्युत मोटारी बऱ्या संख्येने विकल्या जाऊ लागल्या. त्यांतील पहिल्या गाड्या पाच-सहा वर्षांच्या झाल्या असून त्यांचे पहिले मालक नव्या गाड्यांकडे वळत आहेत. टॅक्सी-कंपन्यांच्या ताफ्यांतील गाड्यांचीही यात भर पडते. ब्लूस्मार्ट या विद्युत-टॅक्सी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सेवा थांबवली, तेव्हा तिच्या हजारो गाड्या एकाएकी रिकाम्या उभ्या राहिल्या. रोज जलद चार्जिंग झालेली किंवा महिनोन्‌महिने नुसती उभी राहिलेली अशी गाडी नव्या मालकाकडे जाते तेव्हा तिचा हा इतिहास तिच्याबरोबर जाईलच असे नाही. आणि घेणारा कोण असतो? तालुक्याच्या गावचा शिक्षक, पतपेढीतील कर्मचारी, स्वतःचा टूरिस्ट धंदा उभारू पाहणारा तरुण. नवी गाडी परवडत नाही म्हणूनच तो जुन्या गाडीकडे येतो. चूक सोसण्याची ताकद ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला सर्वांत मोठे अज्ञान यावे, ही या बाजाराची आजची रचना आहे.

अर्थशास्त्राला ही रचना अपरिचित नाही. किंबहुना या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध लेखाने जुन्या मोटारींचेच उदाहरण घेतले होते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा तो लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला त्याचा पाया याच लेखाने घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे विकणाऱ्याला कळते आणि घेणाऱ्याला कळत नाही, अशा बाजारात घेणारा सरासरी किमतीपेक्षा अधिक द्यावयास धजत नाही. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो ती या किमतीला विकण्याऐवजी स्वतःकडेच ठेवतो. बाजारात उरतात त्या अधिकाधिक वाईट गाड्या, त्यामुळे किंमत आणखी घसरते, आणि अखेरीस बाजारच मोडकळीस येतो.

या विवेचनातील एक मुद्दा सहसा नजरेआड होतो. माहिती दडपली जाते तेव्हा नुकसान केवळ घेणाऱ्याचे होत नाही, प्रामाणिक विकणाऱ्याचेही होते. ज्याने आपली गाडी सांभाळून वापरली, उन्हात उभी केली नाही, विनाकारण शंभर टक्के भरून ठेवली नाही, त्याच्या बॅटरीकडेही लोक संशयानेच पाहतात. विद्युत मोटारीची बॅटरी पाच वर्षांत निकामी होते, ही सरसकट धास्ती निराधार आहे. चांगल्या वापरातील अनेक बॅटऱ्या दीर्घकाळ टिकतात. परंतु ही विशिष्ट गाडी त्यांपैकी आहे की नाही, हे सिद्ध करण्याचे साधन हाती नसल्यामुळे खऱ्या-खोट्याला एकच भाव मिळतो.

येथे कोणी म्हणेल की गाडीचे सर्व तांत्रिक तपशील छापील स्वरूपात उपलब्ध असतात; घेणाऱ्याने ते वाचावेत. सूचना योग्य आहे. ते तपशील काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पहिला आकडा बॅटरीच्या क्षमतेचा. तो किलोवॅट-तासांत दिलेला असतो. हा शब्द परका वाटला तरी वस्तू घरोघरी ओळखीची आहे. वीजबिलावरील एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे ढोबळमानाने तीस युनिट वीज मावेल एवढी तिची टाकी होती. मात्र बॅटरीच्या रक्षणासाठी काही भाग राखून ठेवलेला असल्याने एकूण क्षमता आणि वापरण्याजोगी क्षमता यांत फरक पडू शकतो.

दुसरा आकडा शक्तीचा, आणि तो नुसत्या किलोवॅटमध्ये असतो. ‘तास’ हा शब्द गळला की अर्थच बदलतो. त्याच गाडीची मोटर ९५ किलोवॅटची होती. ९५ हा आकडा ३०.२ पेक्षा मोठा दिसतो, पण त्यावरून गाडी किती जोमाने पळेल हे कळते, किती दूर जाईल हे नव्हे. टाकी किती मोठी हा एक प्रश्न आणि नळाची तोटी किती रुंद हा दुसरा. जाहिरातीच्या भाषेत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

तिसरा आकडा चार्जिंगचा. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३.३ किलोवॅट एवढ्याच वेगाने वीज घेता येते. म्हणजे तीस युनिटांची रिकामी बॅटरी भरावयास रात्रभराचे नऊ-दहा तास हवेत. अधिक शक्तीचा चार्जर भिंतीवर बसवला तरी गाडीच्या आतील चार्जर जेवढी वीज पेलू शकेल तेवढीच ती घेणार. साडेतीन किलोवॅटच्या आसपास थांबणाऱ्या गाडीसाठी सात किलोवॅटचा चार्जर विकत घेणे म्हणजे अरुंद तोंडाच्या घागरीवर मोठा नळ सोडणे होय. रस्त्यावरील जलद चार्जर बॅटरीला थेट वीज देत असल्याने ही मर्यादा ओलांडतात, परंतु त्यांचा वेगही बॅटरी किती भरलेली आहे आणि किती तापलेली आहे यांवर अवलंबून असतो. म्हणूनच बॅटरी थंड राखणारी द्रवप्रणाली गाडीत आहे की नाही, हा किरकोळ वाटणारा तपशील चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात अतिशय महत्त्वाचा ठरतो.

चौथा आकडा पल्ल्याचा. सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा. उपर्युक्त गाडीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. प्रत्यक्ष रस्त्यावर तो दोनशेच्या आसपास येतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. प्रमाणित पल्ला प्रयोगशाळेतील रोलरवर, ठराविक वेगांच्या ठराविक आवर्तनानुसार मोजला जातो. तेथे खंडाळ्याचा घाट नसतो, मे महिन्यातील वातानुकूलन नसते, पाच माणसे आणि त्यांचे सामान नसते. हा आकडा दोन नव्या गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. त्याच्या भरवशावर प्रवासाला निघावे असा तो नाही.

या चारही आकड्यांत एक समान उणीव आहे. ते सर्व नव्या गाडीचे आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याला जो पाचवा आकडा हवा असतो, तोच कोणत्याही छापील कागदावर नसतो. मूळ क्षमतेपैकी आज किती उरली, हा तो आकडा. त्यालाच बॅटरीचे आरोग्य म्हणतात. त्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळेल. तीस युनिटांच्या बॅटरीचे आरोग्य ८५ टक्के असेल तर उरली साडेपंचवीस युनिटे. युनिटमागे सात किलोमीटर धरले तर पल्ला होतो सुमारे १७८ किलोमीटर. पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी राखला तर निर्धास्त पल्ला उरतो १४२ किलोमीटरचा. कागदावरचे ३१२ आणि हातातले १४२, या दोहोंमधील अंतर म्हणजे घेणाऱ्याचे अज्ञान. शिवाय बॅटरी शेकडो किंवा हजारो घटांची बनलेली असते आणि त्यांतील एखादा गट क्षीण झाला तर तो साऱ्या बॅटरीला मागे खेचतो. जोडीतला थकलेला बैल ज्या चालीने चालेल तीच गाडीची चाल.

हा अनुभव भारताला नवा असला तरी जगाला नवा नाही. निसान कंपनीची लीफ ही विद्युत मोटार २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आली. तिची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची होती, आणि ती थंड राखण्याची स्वतंत्र प्रणाली तिच्यात नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स या तप्त शहरातील मालकांच्या ध्यानात आले की दीड-दोन वर्षांतच गाडीचा पल्ला घटला आहे. गाडीच्या फलकावर बॅटरीच्या क्षमतेच्या बारा पट्ट्या असत. परंतु पहिली पट्टी विझावयास सुमारे १५ टक्के क्षमता जावी लागे. त्यानंतरची प्रत्येक पट्टी सुमारे सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे बाराच्या बारा पट्ट्या दाखवणारी गाडी शंभर टक्क्यांची असू शके, तशी शहाऐंशी टक्क्यांचीही. मोजमाप होते, पण ज्याच्या पायाखालची जमीन सरकत होती त्याला ते उशिरा सांगण्याची तजवीजही होती.

तेथील मालकांनी पुढे जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी आपल्या डझनभर गाड्या एकत्र आणल्या, त्या एकाच पद्धतीने चालवल्या आणि प्रत्येकीचा पल्ला स्वतः मोजून नोंदवला. न्यायालयातही दावा गेला. वर्ष संपता संपता कंपनीने जाहीर केले की पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर ती बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देईल. तोवर बॅटरीत दोष निघाल्यास हमी होती, पण क्षमता हळूहळू झिजल्यास नव्हती. एकट्या ग्राहकाची तक्रार जे करू शकली नाही ते एकत्रित मोजमापाने केले. माहितीचा हक्क येथेही मागूनच मिळाला, आपोआप नव्हे.

भारतात आज बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथवर हमी देण्याचा प्रघात आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने तिचा मजकूर बारकाईने वाचला पाहिजे. वर्षे मोजली जातात ती पहिल्या विक्रीपासून. झिजेची हमी सामान्यतः क्षमता ७० टक्क्यांच्या आसपास घसरल्यावरच लागू होते. ७२ टक्क्यांवरील बॅटरी कंपनीच्या लेखी ठणठणीत असते. काही नव्या गाड्यांवर तर ‘आजीव’ हमीचा डांगोरा पिटला जातो, पण ती असते पहिल्या मालकाच्या मालकीपुरती. गाडी दुसऱ्याच्या नावावर होताच ती वर्षांच्या आणि किलोमीटरांच्या कुंपणात येते. बॅटरी तीच, रस्ता तोच, बदलला फक्त माणूस. आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा कमी उत्पन्नाचा माणूस असतो.

येथे सार्वजनिक पैशाचा प्रश्न उपस्थित होतो. या गाड्या निव्वळ खाजगी व्यवहारातून रस्त्यावर आलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ पासून नव्या विद्युत वाहनावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने पहिल्या दहा हजार विद्युत मोटारींना क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे पाच हजार रुपये, कमाल दीड लाखापर्यंत, अनुदान देऊ केले. २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर पथकर माफ केला. प्रदूषण कमी करण्याच्या हेतूने दिलेल्या या सवलती समर्थनीयच आहेत. परंतु त्यांचा भार एसटीने प्रवास करणाऱ्यानेही उचलला, आणि लाभ मुख्यत्वे नवी गाडी घेऊ शकणाऱ्याला मिळाला. जुन्या गाडीच्या वाट्याला काय आले? डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावरील कर १८ टक्के केला आणि विद्युत मोटारीही त्यातून वगळल्या नाहीत. हा कर संपूर्ण किमतीवर नाही आणि दोन व्यक्तींमधील परस्पर विक्रीला तो लागू होत नाही, हे खरे. तरीही दिशा स्पष्ट आहे. ज्या बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे जनतेने पैसे मोजले, त्यांतील किती किलोवॅट-तास शिल्लक आहेत हे विचारण्याचा अधिकार जनतेला आहे.

कंपन्यांचे आक्षेप ठरलेले आहेत. बॅटरीची माहिती हे व्यापारी गुपित आहे, असे एक म्हणणे. परंतु रसायन कसे बनवले हे कोणी विचारत नाही. विकलेल्या वस्तूत काय उरले एवढाच प्रश्न आहे. दुसरे म्हणणे असे की हा आकडा केवळ अंदाज असतो. हे अंशतः खरे आहे. विशेषतः लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत विद्युतदाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने ती किती भरली आहे हे ठरवणे अवघड जाते. पण मोजमाप अवघड असेल तर ते प्रमाणित करावयाचे असते, सोडून द्यावयाचे नसते. वाण्याच्या तागडीवर सरकारी शिक्का असतो आणि सोन्याच्या दागिन्यांवर जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला; त्यामुळे किराणा किंवा सराफी धंदा बुडाल्याचे ऐकिवात नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी-नियमावलीने बॅटरीच्या आरोग्याची माहिती मालकाला खुली करण्याचे बंधन घातले, आणि फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक विद्युत मोटारीच्या बॅटरीला डिजिटल ‘पासपोर्ट’ आवश्यक ठरवला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२ मध्ये संमत झालेल्या तांत्रिक नियमाने पाच वर्षांनंतर किमान ८० आणि आठ वर्षांनंतर किमान ७० टक्के क्षमता उरावी, असा दंडक घालून दिला. ‘बॅटरी आधार’ या नावाने भारतातही अशी कल्पना चर्चेत आली आहे. ती केवळ कारखान्यांच्या आणि भंगाराच्या हिशेबापुरती राहू नये.

कायदा होईपर्यंत घेणाऱ्याने हात बांधून बसावे असे नाही. अधिकृत सेवाकेंद्राचा बॅटरी-अहवाल लेखी मागावा. नोंदणी खाजगी होती की टॅक्सीची हे आरसी बुकावरून पाहावे, कर्जाचा बोजा उतरला आहे का हे तपासावे. आणि एक प्रयोग कोणालाही करता येण्याजोगा आहे. विकणाऱ्याच्या संमतीने गाडी २० टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत घरच्या मीटरवर भरावी आणि किती युनिटे लागली ते लिहून ठेवावे. तीस युनिटांची निरोगी बॅटरी असेल तर तिच्यात २४ युनिटे जातील आणि चार्जिंगमधील घट धरून मीटरवर २७ च्या आसपास दिसतील. २३ च्या आसपासच दिसली तर आरोग्य ८५ टक्क्यांच्या घरात आहे असे समजावे. हे मोजमाप ढोबळ असले तरी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाचे आहे.

परंतु प्रत्येक नागरिकाने एकट्याने मीटर घेऊन सत्य शोधत फिरावे, ही सुधारलेल्या समाजाची व्यवस्था नव्हे. मागण्या मोजक्या आणि व्यवहार्य आहेत. गाडीची मालकी बदलताना आरटीओकडे फॉर्म २९ व ३० दिले जातात. त्यांच्यासोबत बॅटरीच्या आरोग्याचे प्रमाणपत्र अनिवार्य करावे. हा आकडा गाडीच्या फलकावर मालकाला विनामूल्य दिसावा. हमी माणसाशी नव्हे, गाडीशी जोडलेली असावी. तपासणीचे काम कंपनीच्या हाती न ठेवता शासकीय तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांच्याकडे सोपवावे, आणि त्यासाठी लागणारी सांकेतिक माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही खुली करावी.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कारण तिच्यातून तो जुना मेकॅनिक पुन्हा घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहील. त्याच्या हाती ऑइलच्या कांडीऐवजी तपासणीयंत्र असेल, एवढाच काय तो फरक. यंत्र बदलले म्हणून सामान्य माणसाची बाजू घेणारा जाणकार व्यवहारातून हद्दपार व्हावा, असा कोणताही तांत्रिक नियम नाही. तसे घडत असेल तर तो धोरणाचा दोष आहे, आणि धोरण बदलता येते.